१० पटीचं मिटणारं भिंग: विष्णुक्रांता ओळखायला एकदम बेस्ट

घड्याळवाले वापरतात तसलं स्टीलचं मिटणारं भिंग घेतलं, २१ मिमीची काच, चारशेच्या आत मिळालं. डबीवर ३० पट म्हणून ठोकून दिलंय पण त्यावर जाऊ नका, कॉलेजच्या जुन्या १० पटीच्या भिंगाशेजारी धरून बघितलं तर दोन्हीत सेम दिसतं. थापेबद्दल एक स्टार कापला, बाकी चार पक्के, कारण रानफुलांना १० पट भरपूर होतं, त्याच्या वर गेलात की हात जरा हलला तरी फोकस गेलाच.

पुणे जिल्ह्यातल्या सुप्याकडच्या माळावर नेलं होतं, मयूरेश्वर अभयारण्य आहे ना त्या बाजूला. कुसळी गवतात जमिनीला चिकटून विष्णुक्रांता पसरलेली असते, करंगळीच्या नखाएवढं निळं फूल, तेही दुपारपर्यंत मिटून जातं म्हणून सकाळीच गाठायचं. उन्हाळ्यात वरचं सगळं वाळतं पण खालचं मूळ चिवट, पाऊस पडला की परत फुटतं. नुसत्या डोळ्यांना पान करडं वाटतं, भिंगातून बघाल तर देठापासून टोकापर्यंत चंदेरी लव, सगळी एका दिशेला झोपलेली, काय दिसते म्हणून सांगू!

आता मुद्द्याचं. शंखपुष्पी ही औषधी वनस्पती म्हणून कोणी हीच दाखवतं, केरळात तर गोकर्णालाही तेच म्हणतात, आणि सरकारी आयुर्वेदिक फार्माकोपियातली (औषधांच्या अधिकृत ग्रंथातली) शंखपुष्पी म्हणजे कॉन्व्हॉल्व्ह्युलस, पांढरट-गुलाबी फुलांची, ती पण केसाळ आणि बहुवर्षायूच. वाळलेला पाला समोर आला की रंगाचा काही उपयोग नाही. ताज्या फुलात मात्र भिंग सरळ निकाल लावतं: विष्णुक्रांतेत मधोमध दोन कुक्षिवृंत (स्त्रीकेसराच्या बारीक दांड्या) आणि प्रत्येकाला दोन फाटे, म्हणजे वर चार बारीक तंतू, कॉन्व्हॉल्व्ह्युलसमध्ये कुक्षिवृंत एकच, वर दोन फाटे. हे मोबाईलच्या फोटोत येतच नाही, मग झाडं ओळखणारं ॲप तरी काय करणार बिचारं.

वापरताना भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा आणि फूल इंचभर अंतरावर आणा, बरेच जण उलटं करतात, भिंग फुलापाशी आणि डोकं लांब. एलईडीवालं मॉडेल घेऊ नका, समोरून उजेड पडला की लव सपाट दिसते, तिरकं ऊनच बरं. स्क्रू महिन्याभरात सैल होतो, चष्म्याच्या पेचकसने आवळता येतो. दोरी सोबत येत नाही, बुटाची नाडी ओवून गळ्यात घाला, कुसळीत पडलं तर शोधत बसाल.