श्वासपटलाचा पेसर: इलेक्ट्रोड स्नायूत रोवायचे की नर्व्हवर बसवायचे?

मज्जारज्जूला मानेत वरच्या बाजूला इजा होऊन रुग्ण व्हेंटिलेटरवर राहिला, की श्वासपटलाच्या पेसरचा, म्हणजे विजेचे हलके झटके देऊन श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला श्वासाचा मुख्य स्नायू) आकसवणाऱ्या यंत्राचा, विषय निघतो. त्याचे दोन प्रकार: एकात इलेक्ट्रोड स्नायूत रोवतात, दुसऱ्यात नर्व्हवर बसवतात. कुठला बसवायचा, याआधी फ्रेनिक नर्व्ह (मानेतून श्वासपटलाकडे जाणारी, त्याला हलवणारी नस) जिवंत आहे का, हे तपासून घ्या. मानेवर विजेचा हलका झटका देऊन श्वासपटल हलतं का, ते फ्लुरोस्कोपीवर (हलत्या एक्स-रे चित्रावर) दिसतं. हललं नाही, तर बहुधा दोन्ही पेसर निरुपयोगी. स्नायूतला इलेक्ट्रोडही शेवटी नर्व्हच्या फांद्यांनाच चेतवतो, हे पुष्कळदा कुटुंबाला कुणी सांगतच नाही.

स्नायूतले इलेक्ट्रोड दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने बसवतात. त्यात पोटावर चार छोटी छिद्रं पाडतात. श्वासपटलावर प्रोब टेकवत, ते सर्वांत जोरात कुठे आकसतं तो बिंदू शोधतात आणि तिथे प्रत्येक बाजूला दोन इलेक्ट्रोड सुईने स्नायूत रोवतात. विजेचं वर्तुळ पूर्ण करणारी पाचवी वायर त्वचेखाली असते. भूल देताना स्नायू शिथिल करणारं औषध टाळावं लागतं, नाहीतर बिंदू सापडत नाही. पोटात भरलेला वायू कधी छातीत शिरतो, म्हणून नंतर एक्स-रे हवाच. 2003 साली अभिनेते ख्रिस्तोफर रीव्ह यांना क्लीव्हलँडमध्ये हाच पेसर बसवला. नर्व्हला हात लागत नाही, हा मोठा फायदा. पण वायरी त्वचेतून बाहेर येतात: ती जागा रोज स्वच्छ ठेवायची, वायर ओढली जाऊ द्यायची नाही. तुटली तर बहुतेकदा बाहेरच्या भागात तुटते आणि जोडता येते.

दुसऱ्या प्रकारात मानेतून किंवा छातीतून इलेक्ट्रोड थेट नर्व्हवर बसतो आणि रिसीव्हर त्वचेखाली जातो. बाहेरचा अँटेना त्यावर चिकटवायचा. त्वचेला भोक राहत नाही, रिसीव्हरमध्ये बॅटरीही नाही. मात्र बसवताना नर्व्ह दुखावली, तर ती बाजू गमावण्याचा धोका असतो. जन्मजात श्वास-नियंत्रणाचा दोष असलेल्या, हिंडत्या-फिरत्या मुलांसाठी आम्ही हाच सुचवू. मज्जारज्जूच्या इजेतल्या प्रौढांसाठी दुर्बिणीचा.

एएलएसमध्ये (स्नायू हलवणाऱ्या नसा हळूहळू मरत जाण्याच्या आजारात) मात्र कृपया थांबा. ब्रिटनमधल्या 74 रुग्णांच्या चाचणीत (2015) पेसर बसवलेल्यांचं पुढच्या जगण्याचं मध्यक (निम्मे रुग्ण ज्याहून कमी जगले ते) 11 महिने, तर फक्त मास्कचं व्हेंटिलेशन घेणाऱ्यांचं 22.5 महिने भरलं.

कुठलाही पेसर बसवला, तरी निपचित पडून कमजोर झालेला स्नायू लगेच दिवसभर काम करत नाही. सुरुवातीला काही मिनिटं, मग हळूहळू तास वाढवायचे. दर श्वासात आत जाणाऱ्या हवेचं माप घटलं की थांबायचं. ट्रेकिऑस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला पाडलेलं भोक) बंद करायची घाई नको: पेसर श्वासपटल ओढतो, पण घशाचे स्नायू त्याच क्षणी उघडतीलच असं नाही, आणि झोपेत श्वासमार्ग मिटतो. व्हेंटिलेटर घरात वापरायला तयार ठेवा.