गुहागरकडचं मेंबरशिपवालं रिसॉर्ट : जागा मस्त, पण समुद्राकडच्या रूम मेंबरला का नाहीत?

रिसॉर्टचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, गुहागर तालुक्यात समुद्राला लागून आहे एवढं पुरे. आणि मला जे म्हणायचंय ते एका रिसॉर्टपुरतं नाहीच, टाइमशेअर मेंबरशिप (एकरकमी पैसे भरून पुढची काही वर्षं दर वर्षी ठरावीक रात्री राहायचा हक्क, आम्हीही असेच मेंबर) विकून शिवाय रोख पैसेवाल्या गिऱ्हाइकांनाही रूम देणाऱ्या सगळ्याच ठिकाणांना ते लागू होतं.

आधी चांगलं सांगते कारण चांगलं खरंच भरपूर आहे. आम्ही पुण्याहून कराड-पाटण करून कुंभार्ली घाट उतरलो, चिपळूणहून पुढे 45 एक किलोमीटर, पोहोचलो तेव्हा ऊन कलत होतं. (दापोलीकडून येणार असाल तर दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडी घालून या, चिपळूणचा वळसा वाचतो.) आवार स्वच्छ, माडांची निगा नीट राखलेली, स्विमिंग पूलचं पाणी निवळ, रूम मोठी, बाथरूमला वास नाही, गरम पाणी कधीही. हाऊसकीपिंगची मुलं-मुली बहुतेक आसपासच्याच गावांतली, काही मागितलं तर ‘आणतो हां काकू’ म्हणून खरंच घेऊन येतात. सासूबाईंना पाठीमागे घ्यायला एका मुलाने न सांगता जास्तीची उशी आणून दिली, हे मी विसरणार नाही.

जेवण मात्र ठीकठाक. कोकणात येऊन बुफेत पनीर बटर मसाला आणि हाका नूडल्स का खायचे मला कळत नाही, मासे मागितले तर पापलेट तेवढं होतं आणि त्याचा दर ऐकून आम्ही गुहागर गावात खानावळीत गेलो, सुरमईची तुकडी, तांदळाची भाकरी, सोलकढी दोनदा मागून घेतली. आणि इथेच पहिली गोष्ट लक्षात आली, अ‍ॅपवरून बुकिंग करून आलेल्यांच्या पॅकेजमध्ये सकाळचा नाश्ता धरलेला असतो, मेंबरला तो वेगळे पैसे देऊन घ्यावा लागतो. हे एक वेळ मान्य, कारण मेंबरशिप रूमची आहे, खाण्याची नाही, आणि तसं कागदावर आधीच लिहिलेलं आहे.

आता खरा मुद्दा.

सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेत. वाळूत चालणं त्यांना जमत नाही, पायऱ्या तर नाहीच. त्यामुळे त्यांच्यासाठी समुद्र म्हणजे रूमच्या गॅलरीतून जेवढा दिसेल तेवढाच. म्हणून बुकिंग करतानाच, म्हणजे काही महिने आधी, मी मेल टाकला होता की लिफ्टजवळची समुद्राकडची रूम द्या, कारणही लिहिलं होतं. उत्तर आलं ‘सब्जेक्ट टू अव्हेलेबिलिटी’. निघायच्या आदल्या आठवड्यात फोन केला, तेव्हाही तेच. चेक-इनला रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, ‘मॅडम, सी फेसिंग सगळं फुल आहे हो’. मिळाली ती मागची रूम, खिडकीतून पार्किंग आणि जनरेटरची शेड. साइज तीच, फर्निचर तेच, टीव्ही तोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी सांगलीचं एक जोडपं भेटलं, खूप चांगली माणसं, सासूबाईंना खुर्ची ओढून दिली त्यांनी. बोलता बोलता ताई म्हणाल्या, ‘आम्ही तर साधीच रूम घेतली होती अ‍ॅपवरून, परवाच बुक केली, यांनी आपणहून समुद्राकडची दिली, काही जास्तीचे पैसे पण घेतले नाहीत’. त्यांचा यात काडीचाही दोष नाही, मिळाली तर कोण नाही म्हणेल. पण मला घास गिळवेना. मी महिने आधी लेखी मागितलेली गोष्ट ‘फुल’ होती आणि परवा बुकिंग केलेल्यांना तीच फुकट मिळाली.

मॅनेजरना भेटले. माणूस सभ्य, बसवून घेतलं, पाणी मागवलं. म्हणाले, ‘मॅडम, त्या ब्लॉकमधल्या रूम मेंबर कोट्यात येत नाहीत, त्या आम्ही रेव्हेन्यूसाठी ठेवतो. तुम्हाला हवी असेल तर रात्रीमागे फरक भरून शिफ्ट करून देतो’. मी विचारलं की कालच्या पाहुण्यांकडून फरक घेतला का, तर म्हणाले तो डिस्क्रिशनरी अपग्रेड असतो, म्हणजे आमच्या मर्जीने दिलेली वरची रूम, रूम रिकामी जाणार असेल तर आम्ही देतो. मग रिकामी जाणारी रूम मेंबरला द्यायला काय हरकत होती? यावर उत्तर नव्हतं.

मी घरी येऊन आमचं अ‍ॅग्रीमेंट पुन्हा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. त्यात काय लिहिलंय, तर रूमचा प्रकार (स्टुडिओ की वन बेडरूम), सीझन, वर्षाला किती रात्री आणि किती वर्षं. खिडकी कुठल्या बाजूला उघडते याबद्दल एक अक्षर नाही. मजला नाही, व्ह्यू नाही, ब्लॉक नाही. सगळी मेख इथेच आहे. वेबसाइटवर रोख गिऱ्हाइकाला तीच रूम ‘स्टँडर्ड’ आणि ‘सी व्ह्यू प्रीमियम’ अशा दोन नावांनी दोन दरांत विकली जाते, आणि मेंबरच्या कागदावर फक्त ‘स्टुडिओ’. म्हणजे व्ह्यू वजा करून जे उरतं ते मेंबरचं. कोणी खोटं बोललं नाही, करार मोडला नाही, तरीपण समुद्राचे फोटो दाखवून विकलेल्या मेंबरशिपमध्ये समुद्र नाही.

रिसॉर्ट असं का करतं तेही समजतं. मेंबरचे पैसे आधीच आलेले आहेत, तो अमुक वर्षं कुठे जात नाही. शिवाय मेंबर रूममधल्या छोट्या किचनमध्ये पोहे करतो, चहा करतो, बुफेला येत नाही. रोखवाला पाहुणा आज येतो, जेवतो, स्पा घेतो, आणि जाताना अ‍ॅपवर स्टार देतो, त्याला खूश ठेवलं की पुढची बुकिंग येतात. धंद्याच्या हिशोबाने बरोबर दिसतं. पण त्या इमारतीत मेंबरांनी एकरकमी भरलेले पैसे आहेत, आणि दर वर्षी वार्षिक मेंटेनन्स आम्ही भरतो, गेलो तरी, नाही गेलो तरी, वर त्याच्यावर 18 टक्के जीएसटी. (रोखवाल्याला 7500 पर्यंतच्या रूमवर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्केच लागतो. हा सरकारचा दर आहे, रिसॉर्टचा दोष नाही, पण मेंबरला स्वस्त पडतं असं जे सांगतात त्यांनी हाही हिशोब करावा.) म्हणजे पावसाळ्यात, समुद्र खवळलेला असताना, वॉटर स्पोर्ट्स बंद, पर्यटक नाहीत, तेव्हा माळ्यांचे पगार आणि गळकी छपरं कोणाच्या पैशातून होतात? आमच्या.

दुसरी बाजूही आहे आणि ती मी टाळणार नाही. त्या सांगलीच्या काकांनीच मला सांगितलं की नाताळात ते एकदा दुसऱ्या एका मेंबरशिपवाल्या रिसॉर्टला गेले होते, रात्रीचे दुपटीने पैसे भरून, आणि तिथे सगळ्या चांगल्या रूम मेंबरांनी आधीच अडवलेल्या, यांना जिन्याखालची खोली. त्यांचंही बरोबर आहे. ज्याने त्या रात्रीचे पूर्ण पैसे मोजले त्याला त्याने मोजलेलीच रूम मिळाली पाहिजे, आणि कोणी ‘सी व्ह्यू’ म्हणून पैसे भरले असतील तर त्याची रूम काढून मला द्या असं मी कधीच म्हणणार नाही. माझं भांडण त्या रूमबद्दल आहे जिचे समुद्राचे पैसे कोणीच भरलेले नाहीत, जी रिकामी राहणार आहे, जी रिसॉर्ट आपल्या मर्जीने कोणालातरी देणार आहे. ती देताना रांग असावी. आधी लेखी मागितलं त्याला आधी, मेंबर असो की रोखवाला, आणि आजारी-म्हातारं माणूस असेल तर त्याचा विचार सगळ्यात वर. ही रांग रिसेप्शनवर लिहून लावावी. बस.

परदेशात याची उलट बाजू दिसते. मॅरियट बॉनव्हॉय या मॅरियट हॉटेलांच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठीच्या योजनेतल्या वरच्या दर्जाच्या मेंबरांना हॉटेलात जे मोफत रूम अपग्रेड मिळतं ते मॅरियट व्हेकेशन क्लबच्या टाइमशेअर प्रॉपर्टीत लागू नाही, आणि हे नियमांत सरळ लिहिलेलं आहे. कोणाला आवडो न आवडो, बॅग भरायच्या आधी माणसाला माहीत असतं. आमच्याकडे सगळं मॅनेजरच्या मर्जीवर, आणि ती मर्जी दर वेळी एकाच बाजूला झुकते.

मेंबरशिप घ्यायचा विचार करणाऱ्यांनी एवढं तरी करा. मॉलमध्ये गिफ्ट व्हाउचर देऊन प्रेझेंटेशनला बसवतात तेव्हा विचारा की समुद्राकडच्या किती रूम मेंबर कोट्यात आहेत, आणि उत्तर तोंडी घेऊ नका, मेलवर मागा. वेबसाइटवर त्याच रूमची दोन नावं आहेत का ते आधीच बघून जा. घाईने सही करू नका, कारण युरोपियन युनियनच्या 2008 च्या डायरेक्टिव्हप्रमाणे तिथे टाइमशेअर घेतल्यावर 14 दिवसांत कारण न देता बाहेर पडता येतं, आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा असा कायदाच नाही, जे काय आहे ते करारात. आधीच मेंबर असाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनफेअर कॉन्ट्रॅक्ट’ची व्याख्या आहे, एकतर्फी कराराची तक्रार जिल्हा आयोगात करता येत नाही, ती राज्य आयोगात करावी लागते हे लक्षात ठेवा. मी अजून तिथवर गेले नाहीये. कंपनीला सविस्तर मेल टाकलाय, सगळ्या तारखांसकट, उत्तर आलं की इथेच लिहीन.

स्टार देतेय तीन. तीनही त्या आवाराला आणि हाऊसकीपिंगच्या पोरांना. जेवणासाठी अर्धा कापला असता पण खानावळ जवळ आहे म्हणून सोडून दिलं, कापलेले दोन्ही अपग्रेडचे.

जाणार असाल तर मागच्या ब्लॉकमध्येही कोपऱ्यातल्या रूम मागा, दुसऱ्या मजल्यावरच्या, तिथून माडांच्या वरून थोडा समुद्र दिसतो, खालच्या मजल्यावर झावळ्या आड येतात. आम्हाला शेवटच्या दिवशी हाऊसकीपिंगच्या त्याच मुलाने ही गोष्ट सांगितली. जनरेटरच्या बाजूची मिळाली तर सामान उघडायच्या आधीच बदलून मागा, संध्याकाळी लाइट गेली की बोललेलं ऐकू येत नाही. आणि हेदवी, वेळणेश्वर दोन्ही एका दिवसात होतं, सकाळी लवकर निघा.