वर्गात नवं तंत्रज्ञान: सगळ्यांना एकदम, की आधी दोघा-तिघांना?

जूनमध्ये पुण्यातल्या शाळा उघडतात तेव्हा अनेक मुख्याध्यापकांपुढे हा पेच असतो. वर्गात डिजिटल पॅनल बसलेत, संस्थेने पैसे घातलेत, आणि शिक्षक मात्र खडूच हातात घेतात. पुढे दोन रस्ते आहेत. एका शनिवारी सगळ्यांना हॉलमध्ये बसवून प्रशिक्षण द्यायचं आणि सोमवारपासून वापर सक्तीचा करायचा. किंवा ज्यांना करून पाहायचंय अशा दोघा-तिघांना एक सत्र मोकळीक द्यायची. मी दोन्ही पद्धतींत शिकवलंय.

सक्तीचा मोठा फायदा म्हणजे समानता. ‘अ तुकडीला दाखवतात, आमच्या मुलाला का नाही?’ हा पालकसभेतला प्रश्न उरत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे, तेही तास यात भरतात. ऑनलाइन हजेरी, निकालपत्रक, दीक्षा या सरकारी शिक्षण-पोर्टलवरचं लॉगिन अशा कामांना हीच पद्धत बरी, कारण त्यात बटण कुठलं हे कळलं की काम झालं.

शिकवण्याचं तसं नाही. अर्धवर्तुळात अंतर्लिखित कोन काटकोन असतो, हे मी पहिल्यांदा जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरवर दाखवायला गेले आणि प्रोजेक्टर बंद पडला. नेमके तेव्हाच वरिष्ठ तास बघायला आले होते. शेरा आला, ‘वर्गनियंत्रण कमी’. पुढची दोन वर्षं मी प्रोजेक्टरला हात लावला नाही. नंतर दुसऱ्या शाळेत मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, ‘करून बघा, फसलं तर माझ्या नावावर.’ तोच तास पुन्हा घेतला. मुलं वर्तुळावरचा बिंदू ओढत राहिली, कोन ९० अंशांवरून हलेना, आणि मागच्या बाकावरचा एकजण उठून विचारता झाला, ‘बाई, हा मोडतच कसा नाही?’ सिद्धता शिकवायला याहून चांगली सुरुवात मला आजवर मिळालेली नाही.

म्हणून माझा कौल दुसऱ्या रस्त्याला. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून पाहिले, तेव्हा तोही एका शिक्षकाचा प्रयोग होता. पुढे राज्याच्या पुस्तकांत कोड आले, आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कारही त्यांना मिळाला.

पण नुसती मोकळीक जाहीर करून भागत नाही. प्रयोगाचा तास निरीक्षणातून वगळा, आणि हे शिक्षकखोलीत सर्वांसमोर सांगा. त्या तुकडीचा पोर्शन मागे पडला तर घटक चाचणी आठवडाभर पुढे ढकलायची तयारी ठेवा. गुरुवार टाळा, देखभालीसाठी वीज जाण्याचा तो दिवस.

साधन साधंच निवडा. गणिताला जिओजेब्रा, विज्ञानाला फेट (PhET) या संकेतस्थळाची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग. दोन्ही मोफत, आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. मुलांकडे फोन नसतील तर प्लिकर्स: मुलं छापील कार्ड फिरवून उत्तर दाखवतात, शिक्षकाचा एकच फोन ती वाचतो. घाबरलेल्या शिक्षकासाठी मी यानेच सुरुवात करेन, कारण बिघडलं तर मुलं हात वर करून उत्तर देतील, तास वाया जात नाही.

या रस्त्याची खोट मोठी आहे. ‘ते त्या दोघांचं काम’ म्हणत बाकीचे हात झटकतात आणि सगळा भार एका तरुण शिक्षिकेवर पडतो. दिवाळीनंतर इतरांना तिच्या तासाला बसायला पाठवावं लागतं, आणि त्यासाठी वेळापत्रकात तिची एखादी तासिका कमी करावी लागते. ती कमी करणं शक्य नसेल, किंवा फसलेल्या तासाची बाजू संस्थेपुढे घेणं जमणार नसेल, तर शनिवारचं प्रशिक्षणच निवडा. तिथे निदान कोणी एकटं पडत नाही. आणि जमणार असेल, तर जुलैतला पहिला तास तुम्हीच घ्या, शिक्षकांना मागच्या बाकावर बसवून.