'आउटलँडर' घ्यावी की सोडावी? दोन टोकांची मतं आणि त्यामागची पानं

डायना गॅबल्डन यांची 'आउटलँडर' १९९१ साली अमेरिकेत आली. तेव्हापासून तिच्याबद्दल कोणी मधलं मत देताना फारसं दिसत नाही. कोणी ती तिसऱ्यांदा वाचायला काढतो, कोणी दोनशे पानांवर मिटून ठेवतो, तर कोणी शेवटपर्यंत जाऊन संतापून उठतो. गंमत म्हणजे तिघंही बऱ्याचदा त्याच प्रकरणांकडे बोट दाखवतात. ती प्रकरणं कोणती आणि त्यांत काय आहे एवढं कळलं, तरी हा जाडजूड ठोकळा विकत घ्यायचा की नाही, हे ठरवता येतं. कथानकाचा काही भाग त्यात फुटणारच, त्याला इलाज नाही.

क्लेअर रँडल ही सत्तावीस वर्षांची, दुसऱ्या महायुद्धात लष्करी परिचारिका म्हणून काम केलेली बाई. १९४५ साली, युद्ध संपल्यावर, ती नवऱ्याबरोबर स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसला येते. तिथल्या क्रेग ना डून या उभ्या शिळांच्या वर्तुळात ती एका शिळेला हात लावते आणि १७४३ मध्ये जाऊन पडते. (आपल्याकडे तेव्हा साताऱ्यात शाहू महाराज आणि पुण्यात नानासाहेब पेशवे.) पदच्युत स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठीच्या जेकबाइट उठावाला दोन वर्षं उरली आहेत आणि १६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या माळावर त्याचा चक्काचूर होणार आहे. हे क्लेअरला ठाऊक आहे, कारण नवरा फ्रँक इतिहासाचा अभ्यासक. तिला तिथे भेटणारा क्रूर इंग्रज कॅप्टन जोनाथन रँडल हा फ्रँकचाच पूर्वज, चेहऱ्यानेही तसाच. आणि मॅकेन्झी कुळाच्या आश्रयाला राहिलेला, डोक्यावर इनाम असलेला जेमी फ्रेझर हा नायक.

ब्रिटनमध्ये हीच कादंबरी आधी 'क्रॉस स्टिच' या नावाने निघाली आणि तिथे सुरुवातीचं साल १९४६ केलं गेलं. तुमच्या प्रतीत १९४६ दिसलं तर ती छपाईची चूक समजू नका, आणि दोन नावं पाहून दोन पुस्तकं घेऊ नका.

कोणती कादंबरी समजून उघडता?

निम्मे मतभेद इथेच सुरू होतात. अमेरिकेतल्या प्रणयकथालेखकांच्या संघटनेने या पुस्तकाला आपला 'रिटा' पुरस्कार दिला. लेखिका मात्र ही ठरावीक साच्यातली प्रणयकथा नाही, असं सांगत आल्या आहेत. दोघांचंही बरोबर आहे आणि त्यातच वाचक फसतो.

प्रणयकथा म्हणून घेणाऱ्याला नायक तिसऱ्या प्रकरणात भेटतो, पण लग्न चौदाव्यात. तेही प्रेमातून नाही. कॅप्टनच्या हाती पडायचं नसेल तर स्कॉट माणसाशी लग्न करून स्कॉट व्हायचं, हा वकील आणि कुळातल्या पुढाऱ्यांनी काढलेला तोडगा. लग्नानंतर प्रेम, ही मांडणी मराठी वाचकाला नवी नाही. इंग्रजी वाचकांना तिचं फार अप्रूप वाटलं. शिवाय अनुभवी ती आणि कोरा तो, ही उलटापालटही त्या काळच्या बाजारी प्रणयकथांत विरळाच. याच कारणासाठी पुस्तकावर जीव टाकणारे पुष्कळ आहेत. उलट बाजूचे विचारतात: फ्रँकचं काय? तो दुष्ट नाही, तिला मारझोड करत नाही, आणि तरीही तीनेक प्रकरणांनंतर बिचारा जवळजवळ आठवणीपुरताच उरतो. ही तक्रार रास्त आहे. निवेदन पूर्णपणे क्लेअरच्या तोंडून असल्यामुळे फ्रँकची बाजू मांडायला पुस्तकात जागाच नाही.

ऐतिहासिक कादंबरी म्हणून घेणाऱ्याला सगळ्यात जास्त मिळतं ते रोजच्या जगण्यात. गावोगाव फिरून खंड गोळा करणं, त्याच बैठकांत कुळप्रमुखाचा भाऊ डूगल मॅकेन्झी याने जेमीच्या पाठीवरचे चाबकाचे वळ दाखवून उठावासाठी पैसे उकळणं, औषधी वनस्पतींचा वाफा, दरबारातला न्यायनिवाडा. जेमीची पहिली भेटच बघा. त्याचा खांदा निखळला आहे आणि माणसं तो जोर लावून बसवायला निघाली आहेत. क्लेअर त्यांना थांबवते, कारण तशा कोनात दाबला तर हाड मोडेल. आधी दंड योग्य स्थितीत आणते, मग सांधा जागेवर जातो. थोड्या वेळाने जखम धुवायला ती आयोडीन मागते, तर समोरच्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. शेवटी अल्कोहोल म्हटल्यावर त्यांना कळतं आणि दारू पुढे येते. दोन शतकांमधलं अंतर लेखिकेने व्याख्यान न देता असं दाखवलं आहे.

पण काटेकोर वाचकाला खटकणारंही सापडतं. पंचविसाव्या प्रकरणात क्लेअरवर चेटकीण म्हणून खटला चालतो. स्कॉटलंडमध्ये या आरोपावरून शेवटची देहदंडाची शिक्षा १७२७ मध्ये डॉर्नोकला झाली आणि चेटूकविरोधी कायदा १७३५ च्या विधेयकाने रद्द होऊन १७३६ पासून संपला. म्हणजे १७४३ मध्ये असा खटला कायद्याने उभाच राहत नाही. फार तर गावकऱ्यांचा जमाव म्हणून तो पटवून घ्यावा लागतो. दुसरी गोष्ट कापडाची. लग्नात जेमीचं लाल-काळं फ्रेझर कापड मॅकेन्झींच्या हिरव्या-पांढऱ्यात उठून दिसतं. दृश्य देखणं आहे, पण प्रत्येक कुळाची कापडावरची ठरलेली चौकड्यांची नक्षी ही मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली व्यवस्था. १८२२ मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, तेव्हापासून तिला खरा जोर चढला. अशा गोष्टींनी रसभंग होणाऱ्यांनी आधीच सावध असावं.

आणि कालप्रवासाच्या विज्ञानासाठी घेत असाल तर घेऊच नका. शिळा गुणगुणतात, माणूस पलीकडे जातो. का आणि कसं, याला पहिल्या भागात जवळपास उत्तर नाही.

वेग

चौथ्यापासून तेराव्यापर्यंतची प्रकरणं म्हणजे मॅकेन्झींचा लीऑख किल्ला, दवाखाना आणि खंडवसुलीची वारी. सोडून देणारे बहुतेक इथेच सोडतात. 'काही घडत नाही' ही त्यांची तक्रार, तर 'त्या जगात राहायला मिळतं' ही दुसऱ्यांची तारीफ. साधी कसोटी अशी: सहाव्या-सातव्या प्रकरणापर्यंत जा. किल्ल्यातली माणसं ओळखीची वाटू लागली असतील तर पुढे चला. पानं मोजत असाल तर थांबा, कारण पुढेही लेखिकेची पद्धत बदलत नाही, नुसते प्रसंग तीव्र होत जातात.

क्लेअर विसाव्या शतकाला फार लवकर विसरते, असाही आक्षेप आहे. त्याचं उत्तर मात्र पुस्तकातच पेरलेलं आहे. ती पोरकी, पुरातत्त्वज्ञ काकांबरोबर उत्खननांच्या तंबूंत वाढलेली आणि पुढे युद्धात रक्तामांसात काम केलेली. गरम पाणी आणि दिव्यावाचून हवालदिल होणारी ही बाई नव्हे. जिथे विश्वास खरोखर ताणला जातो त्या जागा वेगळ्या आहेत: लॉख नेसमधला राक्षसी जलचर तिला दिसतो ती, आणि वेंटवर्थच्या तुरुंगाबाहेर ती नुसत्या हातांनी लांडगा मारते ती. पुस्तकाचे चाहतेसुद्धा त्या लांडग्यावर हसतात.

बाविसावं प्रकरण

सर्वांत मोठी फूट इथे पडते. क्लेअर जेमीचा शब्द मोडून शिळांकडे जायला निघते, इंग्रजांच्या हाती सापडते आणि तिच्या सुटकेत सगळ्यांचे जीव धोक्यात येतात. शिक्षा म्हणून जेमी तिला पट्ट्याने मारतो. समर्थक म्हणतात, अठराव्या शतकातला नवरा असाच वागला असता आणि पुढे तो पुन्हा कधी हात उचलणार नाही अशी शपथही घेतो. विरोधकांचा रोख नुसत्या मारण्यावर नाही. त्यानंतरचा सूर त्यांना जास्त डाचतो: जेमी स्वतःच्या लहानपणीच्या मारांच्या गमती सांगतो आणि तिला हसू येऊ लागतं. इथे विरोधकांचं पारडं जड वाटतं. घटना त्या काळाची असेल, पण ती हलकीफुलकी करायची हा निर्णय १९९१ मधला आहे. लगेचच्या तेविसाव्या प्रकरणात शरीरसंबंधातल्या संमतीची रेषाही धूसर आहे. ज्यांना हे अजिबात चालणार नाही त्यांनी पुस्तक सुरूच करू नये. बाविसावं प्रकरण वगळून पुढची कथा कळते, पण जेमी आणि क्लेअरच्या नात्याचा हिशेब जुळत नाही.

पस्तीस ते एकोणचाळीस

वेंटवर्थचा तुरुंग आणि नंतरचा फ्रान्समधला मठ. कॅप्टन रँडल जेमीवर शारीरिक आणि लैंगिक अत्याचार करतो. पुस्तकात त्या रात्रीचा मोठा भाग जेमी नंतर तुकड्यातुकड्यांनी सांगतो, तरीही वाचणं जड जातं. नायकच बळी ठरणं आणि त्याच्या मनाची पडझड पानोपानी दाखवणं, हे धाडसाचं होतं आणि पुस्तकातलं सर्वांत ताकदीचं लेखन इथेच आहे. पण एकोणचाळिसाव्या प्रकरणात क्लेअर अफूच्या धुंदीचा आधार घेऊन त्याला ज्या उपायाने बाहेर काढते, तो अनेकांना अघोरी आणि फार झटपट वाटतो. दुसरा आक्षेप खलनायकांवर: या भागात पुरुषांकडे ओढ असलेला माणूस एकतर क्रूरकर्मा आहे, नाहीतर सँडरिंगहॅमच्या ड्यूकसारखा (एक इंग्रज सरदार) थट्टेचा विषय. पहिल्या पुस्तकापुरता हा आरोप पुसता येत नाही. लॉर्ड जॉन ग्रे हे तशीच ओढ असलेलं, पण सभ्य, भरीव पात्र खऱ्या अर्थाने पुढच्या भागांत येतं.

छापील, ऐकायची की पाहायची?

छापील प्रत आवृत्तीप्रमाणे सहाशे ते साडेआठशे पानांची. स्कॉटिश बोलीतले संवाद डोळ्यांना अडखळवतात: 'डिना', 'केन', 'वी' अशा शब्दांची सवय व्हायला पन्नासेक पानं जातात. डेव्हिना पोर्टर यांच्या आवाजातलं ऑडिओबुक बत्तीस तासांहून थोडं मोठं आहे आणि बोलीची ही अडचण त्यात आपोआप सुटते. बाविसावं प्रकरण मात्र कानांनी जास्त बोचतं, कारण पटकन पानं उलटून पुढे जाता येत नाही.

२०१४ मध्ये सुरू झालेल्या टीव्ही मालिकेच्या पहिल्या पर्वाचे सोळा भाग म्हणजे हे एकच पुस्तक. फ्रँक आणि रँडल दोघंही टोबियस मेन्झिस यांनी केले आहेत आणि चेहऱ्यांचं साम्य जे पुस्तकात नुसतं सांगावं लागतं, ते इथे अंगावर येतं. आठव्या भागात फ्रँक तिला शोधताना दिसतो, म्हणजे पुस्तकातली ती उणीव इथे भरून निघते. नवव्यात निवेदन जेमीकडे दिलं आहे. मारण्याचा प्रसंग आहेच. लांडगा आणि जलचर गाळले आहेत, छान केलं. पण पंधरावा-सोळावा भाग पुस्तकापेक्षा कठोर आहे: जे तिथे आठवणीतून कळतं, ते इथे समोर घडतं. हिंसा पाहवत नसेल तर मालिकेपेक्षा पुस्तक बरं. संथपणा सोसत नसेल तर उलट.

पुस्तकमालिकेतली कादंबरी म्हणून धास्ती वाटत असेल, तर २०२१ पर्यंत मुख्य पुस्तकमालिकेचे नऊ भाग निघाले आहेत, पण पहिला भाग एकटाही पुरा वाटतो, थांबायला ती चांगली जागा आहे. पुढे जायचं ठरवलंत तर दुसरा भाग, 'ड्रॅगनफ्लाय इन अँबर', थेट १९६८ च्या इन्व्हर्नेसमध्ये उघडतो. अनेकांना वाटतं, मधलं एखादं पुस्तक सुटलं. सुटलेलं नाही. मधली वर्षं त्याच पुस्तकात मागाहून येतात, तेव्हा तिसरा भाग घाईने मागवू नका.