कोचच्या बॅगांबद्दलचं माझं मत कडेला शिवलेल्या एका गोटामुळे बदललं

फेब्रुवारीत माझ्या आधीच्या बॅगेनं दगा दिला. ब्रँडचं नाव लिहीत नाही. नावाजलेला डिझायनर ब्रँड, किंमत ३२० डॉलर, वापर जेमतेम अकरा महिने. लेदर ठणठणीत, चेन ठीक, पण पट्ट्याच्या कडेचा रंग रबरासारखा सोलून निघायला लागला. सर्व्हिसवाल्यांशी तीन आठवडे ईमेलवर भांडले. उत्तर एकच: कडांची झीज वॉरंटीत बसत नाही. अहो, झीज घासून होते, इथे पापुद्रे सुटतायत! फोटो पाठवले, उपयोग झाला नाही. चपला-बूट दुरुस्त करणाऱ्यानं दोन्ही पट्टे खरवडून पुन्हा रंगवायचे ६५ डॉलर सांगितले, तेही हमी न देता.

त्याच आठवड्यात इथे न्यू जर्सीत, एडिसनजवळच्या जुन्या वस्तूंच्या थ्रिफ्ट स्टोअरमध्ये कोच ब्रँडची जुनी बॅग दिसली. २४ डॉलर. कोच म्हणजे माझ्या लेखी सवलतीच्या आउटलेट दुकानांचा ब्रँड. वुडबरी कॉमन या आउटलेट मॉलला जायचं, कोचचं सी अक्षर छापलेल्या चार पर्स उचलायच्या आणि भारतात जाताना वहिनी-मावश्यांसाठी न्यायच्या. स्वतःसाठी कधी घेतली नव्हती. ही घेतली ती केवळ कडा बघून. कडांना रंग नव्हताच. लेदरचीच बारीक पट्टी दुमडून गोट शिवला होता, आजी गोधडीला घालायची तसा.

आतल्या चामड्याच्या तुकड्यावरचा क्रमांक वाचायला नंतर शिकले. १९९४ पासूनच्या पद्धतीत पहिलं अक्षर महिना सांगतं, मधला आकडा साल आणि पुढचं अक्षर कारखाना. माझी बॅग १९९६ ची निघाली. म्हणजे गोट जवळजवळ तीस वर्षांचा, आणि एक टाका उसवलेला नाही.

पहिले दोन महिने तरी मी या बॅगेवर खूश नव्हते. आत अस्तर नाही, कप्पा एकच, म्हणजे कंजूषपणा केलाय असं वाटलं. ते मत मागे घेते. माझ्या आजवरच्या प्रत्येक पर्सचं आधी अस्तरच फाटलं आणि किल्ल्या त्यात जाऊन बसल्या. इथे फाटायला काही नाहीच. ओल्या फडक्यानं पुसलं की झालं.

लेदरही हळूहळू बदललं. १९४१ मध्ये मॅनहॅटनमधल्या छोट्या कारखान्यात ही कंपनी सुरू झाली. पुढे ती चालवणाऱ्या माइल्स कान यांनी बेसबॉलचा हातमोजा वापरून वापरून कसा मऊ होतो ते पाहिलं आणि तसं चामडं बॅगेला आणलं. लेदर कंडिशनरचे दोन हात आणि आठ महिन्यांची रोजची ट्रेन, एवढ्यावर माझी बॅग खरोखर तशी मऊ झाली आहे. बॅग बंद करायची पितळी फिरकी डिझायनर बॉनी कॅशिन यांची. त्या १९६२ मध्ये कोचमध्ये आल्या आणि स्वतःच्या गाडीचं कापडी छत अडकवायच्या कळीवरून त्यांना ती सुचली. हातमोजे घालूनही ती एका हातानं उघडते. जानेवारीत प्लॅटफॉर्मवर उभं राहणाऱ्यांना याची किंमत कळेल.

पण पुन्हा गोटाकडे येते, कारण हल्ली मी ट्रेनमध्ये लोकांच्या बॅगांच्या फक्त कडाच बघते. रंगवलेली प्रत्येक कड वाईट, असं मी मार्चमध्ये ठासून सांगत होते. तेही चुकीचं होतं. रंगाचा पातळ हात, वाळल्यावर घासणं, पुन्हा पातळ हात, असं केलं तर तो टिकतो. एकदाच जाड थर दिला की पट्टा जिथे रोज वाकतो तिथेच तो तडकतो. माझ्या ३२० डॉलरच्या बॅगेला नेमका जाड थर होता.

आता पुण्याच्या वहिनीनं कोचचीच टॅबी नावाची बॅग मागितली आहे, नवी कोरी. पुढच्या शनिवारी दुकानात जाईन तेव्हा रंग आणि किंमत नंतर, आधी पट्टा हातात घेऊन वाकवून कड बघणार आहे. तोवर तिला हो म्हटलेलं नाही.