820 ग्रॅमचं बंडल

कापूस विकायला गेलो की मी काट्याजवळून हलत नाही. हिंगणघाटच्या मार्केटात गाडी काट्यावर चढली की चारही चाकं नीट आत आहेत का, आकडा थांबला का, रिकाम्या गाडीचं वजन परत केलं का, सगळं उभं राहून पाहतो. ओलावा 8 टक्क्यांच्या वर निघाला की भाव कापतात आणि 12 च्या वर गेला तर माल परत पाठवतात. त्यातल्या एकेका टक्क्यासाठी मी ग्रेडरशी हुज्जत घातली आहे. गावातली पोरं मला मागून 'काटेवाले काका' म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. असा माणूस स्वतःच्या सैपाकघरात 38 हजारांना बुडाला. सांगायला लाज वाटते. पण यंदा आमच्या समुद्रपूर तालुक्यात ज्याच्या घरी लग्न त्याच्या घरी सिलिंग, म्हणजे छताखाली लावायचं दुसरं खोटं छत, असं चाललं आहे, म्हणून लिहितो.

आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब आहे, मागचं सैपाकघर टिनाचं. मे 2025 मध्ये मोठ्या पोराचं लग्न ठरलं होतं. बायकोने वर्ध्याला भाचीच्या घरी छतात बसवलेले गोल गोल लाइट पाहिले होते, कडी नाही, पट्टी नाही, छतातूनच उजेड पडतो असे. तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच. कापूस 7,521 च्या हमीभावाने गेला होता, हातात पैसा होता. म्हटलं, होऊन जाऊ दे.

माणूस तालुक्याच्या गावचा. नाव लिहीत नाही. मोबाइलमध्ये पन्नास सैपाकघरांचे फोटो, बोलायला गोड. मायच्या पाया पडला, चहा घेतला आणि म्हणाला, "काका, तुमी फक्त रंग सांगा, बाकी माह्यावर सोडा." जिप्समचं सिलिंग, 15 वॅटचे बारा लाइट, वायरिंग, ओट्यावरचे प्लग, मजुरी, सगळं मिळून 38 हजार. सगळं मिळून! याच दोन शब्दांनी माझा घात केला. वायर कोणती, किती मीटर, लाइट कोणत्या कंपनीचा, एका पॉइंटचे किती, हे वेगवेगळं मांडलंच नाही, मग विचारणार काय? कापसाचा व्यापारी "सगळी गाडी मिळून इतके" म्हणाला असता तर मी त्याला दारात उभं केलं नसतं. कागद म्हणून खिशातल्या डायरीचं एक पान मिळालं. त्यावर ना छापील नाव, ना जीएसटी नंबर.

सामान आलं त्या दिवशी त्याने माझ्यासमोर एक डबा फोडला. चांगल्या कंपनीचा लाइट, हाताला वजनदार, मागे शिक्का. मी तो मायलाही दाखवला. बाकीचे अकरा डबे त्याच्या पोरांनी वर पाटावर बसून फोडले. संध्याकाळी त्याने सगळे रिकामे डबे आणि वायरच्या बंडलांची वेष्टणं पोत्यात भरली. "कचरा कायले ठेवता काका, मी नेतो." मला तर बरंच वाटलं, माणूस स्वच्छ कामाचा आहे म्हणून. पुरावा पोत्यात भरून चालला आहे हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

वायर ओढली त्या दुपारी मी नेमका पत्रिका वाटायला गेलो होतो. परत आलो तर बोर्ड लागून, स्क्रू मारून, सांध्यांवर पुट्टीही चढली होती. पहिले 20 हजार दिले होते, सामान आल्यावर 10, सिलिंग बंद झाल्यावर 8. म्हणजे आत काय आहे ते दिसेनासं झालं त्याच दिवशी मी शेवटचा रुपया दिला.

पहिली शंका बायकोला आली. आमच्याकडे हळद घरचीच, वायगावची, चांगली भडक. नव्या लाइटखाली ती डबा उघडून पाहत राहिली आणि म्हणाली, "अहो, हळद अशी मेल्यावानी काऊन दिसते?" तिखटही तसंच, काळपट. मी म्हटलं, नवीन उजेड आहे, सवय होईल. स्वस्त एलईडीच्या उजेडात रंग नीट उठून दिसत नाहीत हे मला पुढे कळलं. भाजी शिजली की करपली हेही धड ओळखू येत नाही.

लग्न पार पडलं. मे संपता संपता तीन लाइट गेले, एक लुकलुकायला लागला. फोन केला. "काका, तुमच्या गावचं व्होल्टेजच खराब हाय, त्याले मी काय करू?" हे अगदीच खोटं नव्हतं. रात्री शेतातले पंप बंद झाले की आमच्याकडे व्होल्टेज वर जातं. पण चांगल्या लाइटचा ड्रायव्हर, म्हणजे लाइटला बेताची वीज पुरवणारा भाग, ते सोसतो आणि त्यासाठीच तर जास्त पैसे मोजायचे असतात. दुसरी गोष्ट टिनाची. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असतात, तेव्हा टिन आणि सिलिंग यांच्यामधल्या पोकळीत नुसती भट्टी पेटलेली असते. दहा अंश उष्णता वाढली की ड्रायव्हरमधल्या कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. टिनाखाली असे लाइट बसवायचे तर वर हवा जायला जाळी ठेवावी लागते आणि माल कसदार लागतो. त्याने ना जाळी ठेवली ना माल चांगला दिला.

मग एक वास यायला लागला. मिक्सर चालला की प्लॅस्टिक तापल्यासारखा. आम्ही दोन दिवस मिक्सरलाच दोष दिला. तिसऱ्या दिवशी ओट्याच्या बरोबर वर सिलिंगवर चहाच्या बशीएवढा पिवळट डाग दिसला. पाऊस नुकताच सुरू झाला होता, म्हणून वाटलं टिन गळतं. बायको लोखंडी पाइपाला ओलं फडकं बांधून ते पुसायला गेली. पाइपाचं टोक लाइटच्या धातूच्या कडीला लागलं आणि तिच्या हातातून पाइप फेकला गेला. पायात रबरी चप्पल होती म्हणून वाचली. कोपरापर्यंत हात दोन दिवस झणझणत होता. मी पळत जाऊन मेन बंद केला. खरं सांगतो, त्या वेळी 38 हजार आठवलेसुद्धा नाहीत.

माझा भाचा आयटीआयचा वायरमन, बुटीबोरीच्या एमआयडीसीत कामाला. रविवारी त्याला बोलावलं. मेन बंद, टेस्टर लावून खात्री, मगच शिडीवर. हे लाइट दोन स्प्रिंगांवर अडकवलेले असतात, बोटाने ओढले की खाली येतात. पहिला लाइट त्याने खाली ओढला, भोकातून हात आत घातला आणि वायरचं एक वेटोळं बाहेर काढलं. मी खालून टॉर्च धरून होतो.

दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन जोडल्या होत्या, वर सेलोटेप. आपण पोरांच्या वह्यांना लावतो तो सेलोटेप. उष्णतेने तो तपकिरी होऊन कुरकुरीत झाला होता, बोट लावलं तर पापडासारखा तुटला. आतला तांब्याचा रंग काळवंडला होता. भाच्याने एक तार घेऊन सुरीच्या टोकाने खरवडली. वरचा तांबूस रंग निघाला आणि खाली पांढरी चकाकी दिसली. "मामा, हे तांबं नाही. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा हाय." ती तार त्याने चार वेळा वाकवली, पाचव्यांदा तुटून खाली पडली. घरच्या जुन्या बोर्डातली खरी तार वाकवली ती वाकतच राहिली.

वायरी पाइपातून घेतल्याच नव्हत्या. सिलिंगच्या लोखंडी चॅनलवरून नुसत्या पसरलेल्या, एका जागी उंदराने कुरतडलेल्या, आणि तिथूनच उघडी तार चॅनलला चिकटली होती. म्हणजे सिलिंगचा अख्खा सांगाडा आणि त्याला टेकलेल्या लाइटच्या कड्या करंट घेऊन बसल्या होत्या आणि खाली आम्ही भाकरी थापत होतो. अर्थिंगची वायर वर नेलीच नव्हती, त्यामुळे करंटला जमिनीत जायला वाट नाही आणि एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, पडायचं कारणही नाही. बोर्डात आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, असता तर बायकोला झटका बसताक्षणीच तो पडला असता. लाइटच्या सर्किटला 6 किंवा 10 अँपिअरचा एमसीबी पुरतो. त्याने 32 चा लावला होता, कारण छोटा असता तर सारखा पडला असता आणि आम्ही फोन केला असता. कारण त्या दोऱ्यासारख्या वायरवरच त्याने ओट्यावरचे प्लगही काढले होते. मिक्सर तरी ठीक, पण 2,000 वॅटची इंडक्शन शेगडी लावली की जवळपास 9 अँपिअर त्या पीळ दिलेल्या सांध्यातून जायचे. पिवळा डाग पावसाचा नव्हताच.

भाच्याने मग मीटरजवळ नेलं. घरातलं सगळं बंद केलं, तपासलेले लाइट तेवढे तात्पुरते चालू ठेवले. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि बाजूला छापलेलं असतं, आमच्या मीटरवर 3200, म्हणजे एका युनिटला तो 3,200 वेळा लुकलुकतो. आमचे चालू नऊ लाइट खरोखर 15 वॅटचे असते तर मिनिटाला सातेक वेळा लुकलुकायला हवा होता. आम्ही दोघांनी घड्याळ लावून पाच मिनिटं मोजलं. मिनिटाला चारही भरले नाहीत. म्हणजे 15 च्या नावाखाली आठ वॅटचा माल. लाइटच्या पाठीवर आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी नंबर होता. तो सरकारी मानक संस्थेच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला तर निघाला कुठल्याशा मोबाइल चार्जरचा. मला हसूही आलं आणि चीडही. माझ्यासमोर फोडलेला पहिला लाइट तेवढा खरा होता, तो आजही लागतो.

आणि मग ते बंडल. पोत्यात भरताना त्याच्याकडून एक राहिलं होतं, कोठीच्या माळ्यावर, वेष्टणासकट. वर छापलेलं, 1.5 स्क्वेअर एमएम, 90 मीटर, तांबं. मी काही न बोलता वेचणीचा कापूस मोजायचा लटकता काटा आणला आणि बंडल अडकवलं. 820 ग्रॅम. भाच्याने कागदावर हिशेब मांडला. दीड एमएमच्या 90 मीटर वायरीत नुसतं तांबंच सव्वा किलोच्या आसपास भरतं, वरचं प्लॅस्टिक वेगळं. दुसऱ्या दिवशी हिंगणघाटहून पक्क्या बिलाचं चांगलं बंडल आणून त्याच काट्याला लावलं, पावणेदोन किलोच्या वर गेलं. मग राहवेना म्हणून पहिलं बंडल अंगणात उलगडून हातांनी मोजलं. 74 मीटर.

वर्षानुवर्षं तो काटा माझ्या ओसरीत खुंटीला टांगलेला आहे. वायर वजनाने तपासता येते हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मला सुचलंही नाही. वायर वर चढायच्या आधी दोन मिनिटांचं काम होतं.

त्याला फोन लावला. पहिल्या दिवशी "उद्या येतो काका", दुसऱ्या दिवशी "पंपावर हाओ, मंग बोलतो", तिसऱ्या दिवसापासून बंद. घरी गेलो तर त्याची बायको दारात येऊन म्हणाली, "ते गावाले गेले जी." तिला काय बोलणार. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्यांनी समजुतीचा प्रयत्न केला, पण समोरून कोणी उत्तरच दिलं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही, तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइनही करता येते, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. वकील म्हणाले, पक्कं बिल नाही हे अवघड आहे, पण 20 आणि 8 हजार फोन-पे ने गेले त्याची नोंद आहे, ते बंडल आहे, सिलिंग उघडल्यावर भाच्याने काढलेले फोटो आहेत. रोख दिलेले 10 हजार मात्र हवेत. सध्या तारखा चालू आहेत.

वायरिंग पुन्हा केलं, या वेळी परवानाधारक कंत्राटदाराकडून. पाइपातून, अर्थिंगसह, लाइट वेगळे आणि प्लग वेगळ्या जाड वायरवर, वर आरसीसीबी. सिलिंग बंद करायच्या आधी त्याच्या माणसांना एक दिवस थांबवलं, प्रत्येक सांध्याचा आणि प्रत्येक वळणाचा फोटो काढला आणि फोटोत मोजायची पट्टीही ठेवली, म्हणजे उद्या कुठे भोक पाडायचं ते कळावं. मिस्त्री कुरकुरला. शेवटचा चौथा हिस्सा एक महिना वापरून झाल्यावर दिला. बारापैकी सहाच लाइट लावले, बाकी सहा भोकांवर पांढरी झाकणं आहेत. ओट्यावर जुनी ट्यूबलाइट परत आली. हळद आता हळदीसारखी दिसते.

काटा मात्र हल्ली खुंटीला कमीच सापडतो. शेजारच्या वाड्यात नातवाच्या बारशासाठी सिलिंग होऊन रायलं, तिकडे गेला होता, तिथून पाटलांकडे. परवा वेचणीच्या बाया बांधावर गाठोडी घेऊन उभ्या, आणि मी पोराला पिटाळलं की पाटलांच्या घरून काटा आण. तो हात हलवत परत आला. म्हणाला, "थांबा म्हणते, वायरचं दुसरं बंडल मोजून रायले."