द्विस्थिर लिक्विड क्रिस्टल निवडताना: आधी दोष बघा

वीज तोडल्यावरही डिस्प्लेवरचं चित्र टिकायला हवं असेल (द्विस्थिर म्हणजे दोन्ही स्थितींत आपोआप टिकणारा), तर मुख्यतः तीन पर्याय पुढे येतात: फेरोइलेक्ट्रिक, झेनिथल द्विस्थिर आणि कोलेस्टेरिक. वेग आणि व्होल्टेजचे आकडे बघण्याआधी प्रत्येकात दोष, म्हणजे रेणूंची शिस्तशीर मांडणी जिथे मोडते त्या जागा, काय करतात ते बघावं, असं माझं ठाम मत आहे.

फेरोइलेक्ट्रिक सेल (सेल म्हणजे दोन काचांमध्ये भरलेला लिक्विड क्रिस्टल) क्लार्क आणि लागरवाल या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये मांडली. पल्सची, म्हणजे व्होल्टेजच्या छोट्या झटक्याची, ध्रुवता उलटली की रेणू मायक्रोसेकंदांत दुसऱ्या बाजूला झुकतात; साध्या नेमॅटिकला (ज्यात रेणू एका दिशेने रांगतात, पण थर नसतात) मिलिसेकंद लागतात. सेल मात्र जेमतेम २ मायक्रॉन जाडीची लागते. खरं दुखणं थरांचं आहे. स्मेक्टिक म्हणजे थरांत रचलेली अवस्था; स्मेक्टिक-ए (रेणू थराला काटकोनात) मधून स्मेक्टिक-सी (रेणू तिरपे) मध्ये थंड होताना रेणू कलतात, थर पातळ होतात, पण काचेवरची त्यांची जागा सुटत नाही. मग ते मधोमध दुमडतात. शेजारच्या दोन भागांत घडी उलटसुलट पडली की सीमेवर झिगझॅग रेषा उमटतात, तिथून प्रकाश गळतो आणि काँट्रास्ट घसरतो. जोराचा दाब किंवा धक्का बसला तर विस्कटलेले थर आपोआप सावरत नाहीत. सेल तापवून सावकाश थंड करावी लागते. हातात वापरायच्या वस्तूसाठी मी हा पर्याय घेणार नाही. बंदिस्त मायक्रोडिस्प्लेत मात्र हाच वेग सोन्यासारखा.

झेनिथल द्विस्थिर सेलमध्ये दोष हेच यंत्र आहे, आणि मला ही कल्पना फार सुंदर वाटते. एका काचेवर बारीक खाचांची जाळी, आत साधा नेमॅटिक. एका स्थितीत रेणूंची दिशा सलग बदलत जाते. दुसरीत खाचांच्या कडांशी अधिक अर्धा आणि उणे अर्धा बळाच्या (म्हणजे ज्यांच्याभोवती रेणूंची दिशा एकमेकांविरुद्ध अर्धा फेरा फिरते अशा) दोषांची जोडी बसते. स्विचिंग म्हणजे ही जोडी घडवणं किंवा मिटवणं. कोणतं ते पल्सची ध्रुवता ठरवते. मोडायला थरच नसल्यामुळे धक्के सोसले जातात. जोखीम खाचांच्या आकारात आहे: उथळ पडल्या तर जोड्या टिकत नाहीत, फार खोल गेल्या तर सलग स्थितीच टिकत नाही.

कोलेस्टेरिकला, म्हणजे रेणू मळसूत्रासारखे पिळलेल्या लिक्विड क्रिस्टलला, पोलरायझर (प्रकाश एकाच दिशेत कंपणारा करणारी फिल्म) लागत नाही, रंग स्वतःचाच. पण तो एकाच हाताचा (डाव्या किंवा उजव्या फिरतीचा) वर्तुळध्रुवित प्रकाश परतवतो, म्हणजे जास्तीत जास्त निम्मा. प्रकाश विखुरणाऱ्या स्थितीतून परावर्तक स्थितीत यायला जास्त व्होल्टेजने आधी सगळी पिळणी उलगडावी लागते. वेगवेगळ्या दिशांना कललेले छोटे डोमेन इथे उपयोगीच पडतात, बाजूनेही चित्र दिसतं.

नमुना मिळाला की खोलीच्या तापमानावर थांबू नका. थंडीत द्रव घट्ट होतो, तिन्हींना पल्स लांबवावी लागते.